आवाज वाढला, पिकअप गेला: पेट्रोल सेडानला कोन फिल्टर लावल्याचं एक प्रकरण

गाडी १४९७ सीसीची, चार सिलिंडरची, टर्बो नसलेली पेट्रोल सेडान. भारत स्टेज ४ च्या काळातली, पुण्यात रोज चालणारी, लाखभर किलोमीटर झालेली. कागदावर ताकद ११८ पीएस, ६६०० आरपीएमला. एअर फिल्टरच्या डब्यातून हवा बाहेर पडते तिथेच हवेचं वजन मोजणारा एमएएफ सेन्सर आहे आणि त्याच्याच पोटात हवेचं तापमान मोजणारा सेन्सर. प्रकरण नमुन्यादाखल मांडलं आहे. आकडे या वर्गातल्या गाड्यांवर दिसतात त्या पल्ल्यातले आहेत आणि जिथे शक्य आहे तिथे हिशेबही दिला आहे, म्हणजे कुणालाही आपल्या गाडीचे आकडे घालून ताळा करता येईल.

मालकाला घाटात गाडी थोडी जास्त ओढायला हवी होती. त्यासाठी मूळ फिल्टरचा डबा काढून त्याने अ‍ॅल्युमिनियमचा पावणेतीन इंची पाईप आणि त्याच्या टोकाला तेल लावायचा कापडी, शंकूच्या आकाराचा उघडा कोन फिल्टर बसवून घेतला. पहिले काही दिवस खूश होता, कारण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून घोगरा आवाज येई. मग तक्रारी सुरू झाल्या. "सिग्नलवरून निघताना गाडी मरते, एसी लावला की जागेवर थरथरते, आणि कात्रज घाटात तिसऱ्या गिअरला टकटक ऐकू येते." शेवटी चेक इंजिनचा दिवा लागला. कोड पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय.

दिवा लागण्याच्या आठवडाभर आधी गाडी पीयूसीला पास झाली होती. यात नवल नाही. पीयूसीच्या वेळी ऑक्सिजन सेन्सर आणि इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, मिळून मिश्रण सांभाळून घेत असतात, त्यामुळे नळीतून निघणारा धूर ठीकच दिसतो. ईसीयूला त्यासाठी किती ओढाताण करावी लागते ते पीयूसीच्या यंत्रात दिसत नाही. ते फ्युएल ट्रिममध्ये दिसतं, म्हणजे ठरलेल्या पेट्रोलात ईसीयू किती टक्के वाढ किंवा घट करतो आहे त्या आकड्यात.

स्कॅनर काय म्हणाला

गाडीच्या तपासणीच्या ओबीडी सॉकेटला लावायचा साधा ब्लूटूथ डोंगल आणि फोनवरचं अ‍ॅप एवढ्यावर पुढचं सगळं वाचता येतं. इंजिन पूर्ण तापल्यावर, एसी बंद ठेवून दोन ठिकाणी लाँग टर्म (शिकून साठवलेला) आणि शॉर्ट टर्म (त्या क्षणाचा) ट्रिमची बेरीज घ्यायची: एकदा जागेवर आयडलला आणि एकदा २५०० आरपीएमला एक मिनिट स्थिर धरून. निरोगी गाडीत ही बेरीज ±५ टक्क्यांच्या आत असते, ±८ पर्यंत चालवून घेतात.

इथे आयडलला +२४ आणि २५०० ला +१७.

या दोन आकड्यांतला फरक फार बोलका आहे. कुठेतरी हवा गळतीने आत येत असेल, तर तिचा परिणाम आयडलला मोठा आणि आरपीएम वाढला की नगण्य होतो, कारण आयडलला इंजिन मुळातच सेकंदाला दोन-सव्वादोन ग्रॅम हवा घेतं आणि त्यात थोडीशी चोरटी हवाही डोळ्यांत भरते. उलट एमएएफ सेन्सरच कमी मोजत असेल, तर टक्केवारी दोन्हीकडे साधारण सारखी राहते. इथे २५०० ला आकडा उतरतो खरा, पण १७ वरच अडकतो. म्हणजे दोष एक नाही: काही हवा चोरून येते आहे आणि काही हवा मोजण्यातच चूक आहे.

चोरटी हवा लगेच सापडली. मूळ रबरी पाईपवर एक छोटी नळी असते. व्हॉल्व्ह कव्हरपासून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणापासून, निघून ती फिल्टर आणि थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर दाबला की उघडणारी हवेची झडप) यांच्या मधल्या पाईपला जोडलेली असते. क्रँककेसला, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीला, लागणारी ताजी हवा या नळीतून, म्हणजे एमएएफने मोजून झालेली हवा, आत जाते आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह या एकतर्फी झडपेतून मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीला, पोचते. कोन फिल्टर बसवणाऱ्याने ही नळी काढून व्हॉल्व्ह कव्हरच्या तोंडाला अंगठ्याएवढा छोटा फिल्टर लावला आणि नव्या पाईपवरच्या निपलला रबरी टोपी घातली. दिसायला सुटसुटीत. पण आता क्रँककेस बाहेरची, न मोजलेली हवा ओढतो. आयडलला मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम सर्वांत जास्त, म्हणून चोरीही तेव्हाच सर्वांत जास्त. व्हॉल्व्ह कव्हरचं तोंड बोटाने बंद करताच आयडलचा ट्रिम काही सेकंदांत +२४ वरून +१७ वर आला. तपासणी एवढीच. ज्या इंजिनात फक्त मॅनिफोल्डचा दाब मोजून इंधन ठरतं, म्हणजे एमएएफ नसून एमएपी आहे, तिथे हाच छोटा फिल्टर मिश्रण बिघडवत नाही. म्हणून "माझ्या मित्राच्या गाडीला काही झालं नाही" हे खरं असूनही आपल्या गाडीला लागू पडेलच असं नाही.

पाईपचा साडेचार मिलिमीटरचा घोळ

उरलेले १७ टक्के कुठून आले, यासाठी व्हर्नियर कॅलिपर हातात घ्यावा लागतो.

एमएएफ सेन्सर सगळी हवा मोजत नाही. पाईपच्या मध्याजवळ त्याची बारीक तापवलेली तार किंवा फिल्म असते. तिच्यावरून जाणारी हवा तिला किती थंड करते यावरून तो तेवढ्या ठिकाणचा प्रवाह ओळखतो, आणि पूर्ण पाईपमधून किती हवा गेली ते ईसीयू आपल्या तक्त्यावरून ठरवतो. तो तक्ता एकाच व्यासासाठी बनवलेला असतो. नदीचं पात्र रुंद झालं की पाण्याचा वेग उतरतो तसंच इथे होतं: हवा तेवढीच, पण वेग कमी, म्हणून सेन्सरला वाटतं हवाच कमी आहे.

या गाडीत मूळ डब्याच्या एमएएफच्या जागी आतला व्यास ६२ मिमी. नवा पाईप बाहेरून ६९.८५ मिमी, जाडी १.६५, म्हणजे आतून जवळपास ६६.५ मिमी. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गात वाढतं. ६६.५ भागिले ६२, त्याचा वर्ग केला की १.१५ येतात. पाईप दिसायला जेमतेम साडेचार मिलिमीटर मोठा, पण क्षेत्रफळ १५ टक्के जास्त. तेवढंच पेट्रोल ट्रिमने वाढवावं लागणार, म्हणजे +१५. राहिलेले दोन टक्के सेन्सरवरच्या तेलाचे निघाले, ते पुढे येईल.

हाच ताळा पूर्ण थ्रॉटललाही घेता येतो. ६००० आरपीएमला चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३००० वेळा आपला पूर्ण आकार भरतं: १.४९७ लिटर गुणिले ५०, म्हणजे सेकंदाला ७४.९ लिटर. या जातीचं इंजिन त्या वेगाला त्यातलं ९० ते ९५ टक्के खरोखर भरतं, म्हणजे साधारण ७० लिटर. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, हवेचा दाब तिथे ९५ किलोपास्कलच्या आसपास. कोन फिल्टरमधून आत जाणारी हवा ६२ अंशांची (ते पुढे येईल), तिची घनता मग लिटरला ०.९९ ग्रॅम येते. एमएएफवर सेकंदाला ६९ ग्रॅम दिसायला हवेत. अ‍ॅपवर दिसले ५९.

पूर्ण थ्रॉटलला ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे फारसं बघत नाही. तो एमएएफचा आकडा घेतो आणि तक्त्याप्रमाणे पेट्रोल सोडतो. शिकलेला ट्रिम काही ईसीयू इथेही लावतात, काही लावत नाहीत. न लावणाऱ्यात मिश्रण थेट पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. लावणाऱ्यातही एक गोष्ट सुटत नाही: हवा कमी दिसली म्हणजे इंजिनावर भार कमी आहे असा ईसीयूचा समज होतो आणि कमी भाराला तो ठिणगी लवकर टाकतो. भार प्रत्यक्षात पूर्ण असतो. लवकर ठिणगी, गरम हवा, घाटाची चढण, तिसरा गिअर, आणि मग ती टकटक. नॉक सेन्सर ती ऐकतो आणि ठिणगी एकदम मागे ओढतो. मालकाला जाणवणारा "मेलेला" पिकअप बराचसा या मागे ओढलेल्या ठिणगीचा होता.

आणखी एक बाब नजरेतून सुटते. मूळ डब्यात एमएएफच्या आधी बहुधा मधमाशीच्या पोळ्यासारखी प्लॅस्टिकची जाळी किंवा तारेची जाळी असते. फिल्टरमधून आलेली वेडीवाकडी हवा ती सरळ करते. मेकॅनिक तिला अडथळा समजून काढून टाकतात. नव्या पाईपमध्ये ती नव्हतीच, आणि सेन्सर वळणापासून चार बोटांवर बसवलेला. त्यामुळे २५०० ला स्थिर पाय ठेवूनही ग्रॅमचा आकडा खालीवर नाचत होता. सेन्सरच्या आधी पाईप सरळ हवा, जमेल तितका, आणि सेन्सरवरचा बाण हवेच्या दिशेनेच हवा.

तेल लागलेला सेन्सर

कापडी फिल्टर धुऊन त्याला लाल तेल लावतात. मालकाने पहिल्यांदा धुतला तेव्हा बाटली सढळ हाताने रिकामी केली आणि ओला असतानाच बसवला. जास्तीचं तेल हवेबरोबर जाऊन एमएएफच्या फिल्मवर बसलं, त्याला धूळ चिकटली. अशा थराने फिल्मला हवा नीट लागत नाही.

साफ करायचा तर इंजिन थंड, किल्ली काढलेली, कनेक्टर सोडवलेला. दोन स्क्रू काढून सेन्सर सरळ बाहेर ओढायचा. फक्त एमएएफसाठीचा स्प्रे वापरायचा, हातभर अंतरावरून दहा-पंधरा छोटे फवारे. कार्बोरेटर क्लीनर नको, त्याने प्लॅस्टिक आणि लेप खराब होतो. कापूस, ब्रश, कानकोरणं, काहीही फिल्मला टेकवायचं नाही. अर्धा तास आपोआप सुकू द्यायचा, हवेचा झोत मारायचा नाही. सेन्सरच्या बुडाची रबरी कडी, ओ-रिंग, चिरली असेल तर बदलायची, कारण तिथून येणारी हवाही चोरटीच. सफाईनंतर २५०० चा ट्रिम +१७ वरून +१५ वर आला, म्हणजे पाईपच्या हिशेबावर येऊन थांबला.

हवा किती गरम

बाहेर ३५ अंश. मूळ डबा ग्रिलच्या मागून हवा घेत होता. सिग्नलला दहा मिनिटं उभं राहिल्यावर आत जाणारी हवा ५० अंश, निघाल्यावर पहिल्या मिनिटात ४६, मोकळ्या रस्त्यावर ६० च्या वेगाला ४२. कोन फिल्टर इंजिनाच्या शेजारी उघडा बसलेला, रेडिएटरच्या पंख्याच्या झोतात. सिग्नलला ६८, निघाल्यावर पहिल्या मिनिटात ६२, आणि तीन मिनिटं सलग चालल्यावर ४७.

६२ आणि ४६ मध्ये घनतेचा फरक काढायचा तर तापमान केल्विनमध्ये घ्यायचं: ३१९ भागिले ३३५, म्हणजे हवा पावणेपाच टक्के कमी. ताकद मात्र तेवढी पडत नाही. आत जाणारी हवा मॅनिफोल्डच्या आणि व्हॉल्व्हच्या भिंतींना लागून तशीही तापते, आणि मुळात गरम असलेली हवा तिथे कमी तापते. इंजिन चाचणीच्या एसएई सूत्रात म्हणूनच तापमानाचं वर्गमूळ धरतात. त्या हिशेबाने इथे ताकद साधारण तीन टक्के जाते, ११८ पीएसमधले साडेतीन. गरम हवेला ईसीयू ठिणगी मागे घेतो ते वेगळं.

हायवेवर सलग चालताना ४७ विरुद्ध ४२, म्हणजे तोटा पीएसभराचा. शहरात आणि हायवेवर एकाच किटबद्दल दोन माणसं दोन मतं देतात, ती दोन्ही खरी असू शकतात.

अडथळा नेमका कुठे: पाण्याची नळी

आता मूळ डब्याकडे. कोन फिल्टर विकणाऱ्याचा दावा असा की कागदी फिल्टर हवा अडवतो. हे मोजता येतं, आणि त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही.

सहा मिमी आतल्या व्यासाची पारदर्शक नळी चार मीटर घ्या. एका फळीवर ती यू आकारात बांधा, दोन्ही भुजा किमान ४०० मिमी उंच. अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी, मागे मिलिमीटरची पट्टी. एक टोक मोकळं. दुसरं टोक मोजायच्या जागी, पण वाटेत एक रिकामी बाटली घालायची, म्हणजे चुकून पाणी ओढलं गेलं तर ते बाटलीत पडेल, इंजिनात नाही. नळीच्या तोंडात एक मिमी भोकाचा तुकडा बसवला की हवेच्या धक्क्यांनी पाणी नाचत नाही. दोन भुजांतल्या पाण्याच्या उंचीतला फरक १०२ मिमी म्हणजे एक किलोपास्कल.

मोजायच्या जागा तीन: डब्याचा खालचा भाग (म्हणजे फिल्टरच्या आधी); फिल्टरनंतर पण एमएएफच्या अलीकडे; आणि थ्रॉटलच्या तोंडाशी. वाचन डायनोवरच, म्हणजे गाडी जागेवर रोलरवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावरच घ्यावं. रहदारीच्या रस्त्यावर ६००० आरपीएमला पट्टी बघत बसणं हा वेडेपणा आहे. मोकळं टोक गाडीच्या आत ठेवलं असेल तर काचा बंद आणि ब्लोअर बंद, नाहीतर केबिनचाच दाब मोजला जातो.

मूळ डबा आणि नवा कागदी फिल्टर, ६००० आरपीएम, पूर्ण थ्रॉटल: थ्रॉटलच्या तोंडाशी एकूण २०४ मिमी, म्हणजे दोन किलोपास्कल. त्यातला एक किलोपास्कल फिल्टरच्या आधीच गेलेला! कागदाने खाल्ला अर्धा किलोपास्कल, एमएएफ आणि रबरी पाईपने उरलेला अर्धा.

डब्याच्या आधी काय आहे तर हवा आत घेणारं प्लॅस्टिकचं नळकांडं, आवाज कमी राहावा म्हणून एका जागी ५० मिमीपर्यंत आवळलेलं. सेकंदाला ७० लिटर हवा ५० मिमीच्या भोकातून जायची तर वेग ३५ मीटरच्या वर जातो. त्या वेगाचा दाब ०.६७ किलोपास्कल, आणि आत शिरतानाचा आणि डब्यात पसरतानाचा तोटा मिळून त्याची दीडपट, म्हणजे एक किलोपास्कल. पाण्याच्या नळीने तेच दाखवलं. भोक ६३ मिमीचं केलं तर वेग साडेबावीस आणि त्याचा दाब ०.२७. तोटा वेगाच्या वर्गात पडतो, म्हणून १३ मिमीने एवढा फरक.

९५ किलोपास्कलमधला एक किलोपास्कल म्हणजे ताकदीत साधारण एक टक्का. फिल्टरचा कागद पूर्ण काढून टाकला तरी अर्ध्या टक्क्याच्या वर काही मिळणार नाही. कोन फिल्टरवर हेच मोजलं तेव्हा एकूण ७१ मिमी, म्हणजे ०.७ किलोपास्कल. म्हणजे किटने अडथळा खरोखर कमी केला होता: १.३ किलोपास्कलचा, दीडेक पीएसचा फायदा. सिग्नलवरून निघताना गरम हवेने साडेतीन काढून घेतले, आणि चुकीच्या मोजमापाने त्याहून जास्त.

मायलेजच्या अपेक्षेबद्दलही इथेच. अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये मुद्दाम तुंबवलेल्या फिल्टरवर गाड्या चालवून पाहिल्या. आधुनिक फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत मायलेजवर लक्षणीय परिणाम दिसला नाही, वेग पकडायला मात्र जास्त वेळ लागला. कारण सरळ आहे. अर्ध्या पायावर चालवताना थ्रॉटलची झडप स्वतःच हवा अडवून धरते, त्याच्या पुढे फिल्टरचा अडथळा किरकोळ. कार्बोरेटरच्या जमान्यात तुंबलेल्या फिल्टरने मिश्रण गडद होई, म्हणजे पेट्रोल जास्त जाई, तेव्हाचा अनुभव अजून तोंडोतोंडी चालत आला आहे.

काय केलं

पाईप आणि कोन काढले. मूळ डबा मालकाने माळ्यावर ठेवला होता, हे नशीब. मूळ डबा भंगारात देऊ नका, ही विनंती प्रत्येकाला आहे. नंतर सुटा मिळायला महाग पडतो. व्हॉल्व्ह कव्हरची नळी आपल्या जागी परत, एमएएफ आपल्या ६२ मिमीच्या घरात परत, जाळी जागेवर. नवा कागदी फिल्टर. डब्याच्या झाकणाच्या चारही क्लिपा तपासल्या. एक तुटकी क्लिप असेल तर कागदाची रबरी कड एका बाजूला उचलली जाते आणि धूळ थेट आत जाते.

मग फक्त आवळलेलं नळकांडं बदललं. ते दोन बोल्टवर सुटं निघतं, त्यामुळे डबा कापावा लागला नाही. त्या जागी ६३ मिमी आतल्या व्यासाची, तार असलेली सिलिकॉनची लवचीक नळी, लांबी ४५० मिमी. तोंड रेडिएटरच्या बाजूला, ग्रिलच्या मागे, हेडलाइटच्या उंचीवर. तोंडाला बाहेर वळलेली कड, १२ मिमी गोलाईची. सरळ कापलेल्या पाईपच्या कडेवरून हवा आत वळताना तुटते आणि भोक असेल त्याहून लहान वागतं. गोल कडेने तो तोटा जवळपास जातो. कड थ्रीडी प्रिंट करून घ्यायची असेल तर पीएलए प्लॅस्टिकमध्ये नको, तो साठ अंशांच्या आसपास मऊ पडतो. एएसए प्लॅस्टिक किंवा फायबरग्लासची कड चालते. नळीचं तोंड आणि रेडिएटर यांच्यामध्ये १० मिमी जाडीची फोमची पट्टी लावली, म्हणजे रेडिएटरची गरम हवा वळून परत येत नाही.

नळकांड्याला लागून असलेला रेझोनेटरचा बंद डबा तसाच ठेवला. हवा त्याच्यातून वाहत नाही, तो बाजूला लटकलेला असतो आणि आवाजाचा ठरावीक सूर दाबतो. तो काढून ताकद वाढत नाही.

नळी खाली बंपरमध्ये उतरवायचा मोह होतो, तिथे हवा सर्वांत थंड असते. पण जुलैत तुंबलेल्या रस्त्यावर समोरच्या बसने उडवलेली लाट नेमकी तिथेच लागते. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये थोडं जरी शिरलं तरी पिस्टन त्याच्यावर आपटून त्याला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. पाण्यात गाडी बंद पडली तर स्टार्टर मारू नका. ओढून बाहेर काढा, स्पार्क प्लग काढून मग क्रँक करा. थोड्या थंड हवेसाठी ही जोखीम घेण्यासारखी नाही.

शेवटी स्कॅनरने कोड आणि शिकलेले ट्रिम पुसले. यानंतर गाडीला शिकायला वेळ द्यावा लागतो: दहा मिनिटं आयडल, निम्मा वेळ एसी चालू, मग पन्नासेक किलोमीटर मिसळ रस्ता. लगेच पिकअप जोखायला जाऊ नये.

निकाल

ट्रिम आयडलला +३, २५०० ला +२. हवा सिग्नलला ४७ अंश, ६० च्या वेगाला ३८. थ्रॉटलच्या तोंडाशी पाण्याची नळी १४३ मिमी, म्हणजे १.४ किलोपास्कल. एमएएफचा पूर्ण थ्रॉटलचा आकडा हिशेबाशी जुळला. घाटातली टकटक गेली.

तिसऱ्या गिअरला ५० ते १००, दोन्ही दिशांनी घेतलेल्या फेऱ्यांची सरासरी: कोन फिल्टरवर ९.७ सेकंद, मूळ डब्यावर ९.१, बदललेल्या नळकांड्यावर ८.९. यातला शेवटचा फरक घड्याळाच्या चुकीहून जेमतेम मोठा आहे, आणि हिशेबही तेच सांगतो: दाबाचा पाऊण पीएस, तापमानाचा पीएसभर. मालकाला जाणवलेला मोठा फरक बिघडलेलं दुरुस्त झाल्याचा होता. टर्बो नसलेल्या, नीट असलेल्या पेट्रोल गाडीत इनटेकने दोन टक्क्यांच्या वर कुणी कबूल करत असेल, तर डायनोचे आधीचे आणि नंतरचे कागद मागावेत, एकाच दिवशी काढलेले, बॉनेट बंद ठेवून. बॉनेट उघडं आणि समोर मोठा पंखा असेल तर उघड्या कोनाला डायनोवर अशी थंड हवा मिळते, जी रस्त्यावर कधीच मिळत नाही.

धूळ

घाईत सुटणारा मुद्दा. फिल्टरची चाचणी आयएसओ ५०११ या पद्धतीने होते: ठरावीक धूळ सोडायची आणि किती पलीकडे गेली ते तोलायचं. किट घेताना त्याचा आकडा विचारा, नुसता हवेच्या प्रवाहाचा नको. कागदी फिल्टर थोडा मळला की धूळ अडवण्यात उलट सुधारतो, कारण बसलेली धूळच बारीक चाळणी होते. म्हणून दर सर्व्हिसिंगला कॉम्प्रेसर मारून तो पांढराशुभ्र करण्यात अर्थ नाही. जवळून मारलेल्या जोराच्या हवेने कागदाला न दिसणारी भोकं पडतात. आपटून धूळ झाडावी, आणि रस्त्यांची कामं चालू असलेल्या भागात कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यावर बदलून टाकावा.

या गाडीत कोन फिल्टर काढल्यावर पाईपच्या आत पांढरा कपडा फिरवला. फिल्टरच्या रबरी गळ्याजवळ एकाच बाजूला तपकिरी पट्टा उमटला. क्लॅम्प तिरका बसला होता, आणि त्या फटीतून रस्त्यावरची धूळ न गाळता आत जात होती. थ्रॉटलच्या झडपेवर बोट फिरवलं तर खरखर लागली. सिलिंडरच्या भिंती किती घासल्या ते काँप्रेशन चाचणीत पाहिलं. चारही सिलिंडर एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत होते, म्हणजे वेळेत निभावलं.

आणि ज्याला तरीही कोन फिल्टरच हवा असेल त्याच्यासाठी: एमएएफचं मूळ घर कापून किंवा तयार अडॅप्टर घेऊन आतला व्यास मूळ इतकाच ठेवा, मिलिमीटरभरही मोठा नको. जाळी ठेवा. व्हॉल्व्ह कव्हरची नळी एमएएफनंतरच्या निपललाच जोडा. फिल्टर बंद पेटीत घ्या, पेटीच्या झाकणाला बॉनेटपर्यंत पोचणारी रबरी पट्टी लावा आणि पेटीला बाहेरून थंड हवेची वाट द्या. तेल लावल्यावर फिल्टर रात्रभर उभा ठेवून जास्तीचं निथळू द्या. बसवल्यानंतर दोनशे किलोमीटरवर क्लॅम्प पुन्हा आवळा, पांढरा कपडा फिरवा आणि ट्रिम वाचा. २५०० ला +८ च्या वर गेला असेल तर गाडी तशीच पळवू नका, आधी कॅलिपर काढा.